वैलाच्या मागं

"आज काय झालं?" मी विचारलं.

वेणू दारातच उभी होती. उशीर झालेल्यानं दारात थांबायचं हा माझाच नियम. फ्रॉकच्या पुढच्या घेराला राख लागलेली, हात कोपरापर्यंत ओले, आणि एका गालावर शेणाचं वाळलेलं बोट.

"उतू गेली, बाई."

"काय?"

"पेज."

मागच्या ओळीतून दत्तू सुतार म्हणाला, "काल पण पेजच उतू गेली हुती, बाई. परवा पण. हिच्या घरात प्यायला कायतरी ऱ्हातंय का न्हाई कुणास ठाऊक."

पोरं हसली. वेणूही थोडी हसली, पण पाय आत टाकला नाही. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. शिष्यवृत्तीचा जादा तास आठला सुरू व्हायचा आणि त्या तासाला मी जे शिकवायची ते साडेदहानंतरच्या शाळेत पुन्हा शिकवायला वेळ मिळायचा नाही. चार वर्ग आणि मी एकटी.

या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि आजऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातल्या कुरणवाडी नावाच्या चाळीस घरांच्या वस्तीत माझी पहिली नेमणूक झाली होती. चौथीत सात मुलं होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मी चौघांना बसवणार होते, पण खरी आशा एकीचीच होती. वेणू तेजमला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही, आणि सांगितलं त्याच्या पुढचं ती स्वतःच विचारायची. ती पास झाली तर गडहिंग्लजच्या मुलींच्या वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. नाही झाली, तर चौथीनंतर कुरणवाडीत शाळाच नव्हती. पुढचं गाव नदीपलीकडे होतं आणि त्या वस्तीतली एकही मुलगी तोवर नदीपलीकडे शिकायला गेली नव्हती.

"आत ये," मी म्हटलं. "मधल्या सुट्टीत थांब. आपण बोलू."

मधल्या सुट्टीत ती थांबली नाही. आईला पेज द्यायला घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी जादा तासाच्या मुलांना गणितं घालून दिली आणि मीच तिच्या घरी गेले. घर शाळेच्या वरच्या अंगाला, चढणीवर. दारातून आत पाहिलं तर सगळ्या घरात धूर आणि करपल्याचा वास. चुलीतला जाळ विझलेला. पेजेचा पांढरा ओघळ पातेल्याच्या पोटावरून उतरून चुलीवर, तिथून राखेत, आणि राखेची खळ होऊन जमिनीवर हातभर पसरलेली. वेणू पाठमोरी उकिडवी बसून करवंटीनं ते खरवडत होती.

पलीकडे बाजेवर तिची आई उशाला गाठोडं घेऊन टेकून बसली होती. कौसल्या तिचं नाव. तिशीचीही नसेल. पावलं सुजलेली, ओठ निळसर. तिच्या हृदयाची झडप खराब आहे आणि तिला उठू द्यायचं नाही, असं आजऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोटात पेजेशिवाय काही ठरत नव्हतं. नवरा कागलकडे एका गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायच्या कामाला. दिवाळी झाली की जायचा, तो शिमग्याला परत. मधे पंधरवड्यातून एकदा येऊन तोंड दाखवायचा.

"बसा, बाई," कौसल्या म्हणाली. "पोरगी निघालीच हुती बघा. जरा चुलीचं आवरतीया."

"चूल दुपारी आवरली तर चालणार नाही का?"

"न्हाई चालत, बाई. आमच्या घरात उतू गेल्याली चूल तशीच टाकून उंबरा वलांडत न्हाईत. खरवडायचं, सारवायचं, हळदीचं बोट लावायचं, मग भाईर पाय. सासूबाईंची शिस्त." मग ती हसली. "म्हातारी गेली, शिस्त ऱ्हायली."

मला पाहून थांबलेलं बोलणं तिनं पुन्हा उचललं. ते मी धड ऐकलं नाही. कुणाच्या तरी लग्नाची, मांडवात शिरलेल्या म्हशीची काहीतरी गोष्ट होती. म्हशीच्या शिंगाला नवऱ्या मुलाची मुंडावळी अडकली, असं काहीसं. वेणू पाठमोरीच हसत होती, खांदे हलत होते, आणि हात चालूच होते. माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे. खरवडून झालं. राख भरून झाली. शेणाचा हात फिरला. हळदीचं बोट उठलं. वेणू हात धुवायला उठणार तोच बाजेवरून कौसल्या म्हणाली, "वैलाच्या मागं ऱ्हायलं बघ."

वैल म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं, लहान तोंड. त्यावर आमटी उबेला ठेवतात. ते कोपऱ्यात होतं. मी वाकून पाहिलं. वैलाच्या मागं काहीच राहिलेलं नव्हतं, जमीन लख्ख होती. बाजेवरून ती जागा दिसतही नव्हती. पण वेणू निमूटपणे पुन्हा बसली, पुन्हा फडकं फिरवायला लागली, आणि कौसल्येनं म्हशीचं पुढचं सांगायला घेतलं.

चढण उतरताना मी वेणूला म्हटलं, "आई आजारी आहे, तिला काय दिसतंय. तू स्वच्छ केलं होतंस."

"व्हय, बाई," ती म्हणाली.

रोजचा सव्वा तास. मी मनात हिशेब केला. परीक्षेपर्यंत अडीच महिने. मुलाला काही येत नसेल तर त्याच्यावर चिडायचं नाही, अडतंय कुठं ते शोधायचं, हे मी अध्यापन विद्यालयात शिकले होते आणि मनापासून मानत होते. इथं अडत होतं ते चुलीपाशी. मग चुलीपासूनच सुरुवात करायची.

आधी मी तिला साधे उपाय सांगितले. पातेलं मोठं घे. काठाला आतून तेलाचं बोट फिरव. झाकण अर्धं सरकवून ठेव. पातेल्यावर लाकडी डाव आडवा ठेव, म्हणजे फेस त्याला लागला की बसतो. वेणूनं सगळं वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दारात येऊन उभी राहिली.

"डाव ठेवला होतास?"

"ठेवला हुता, बाई."

"मग?"

"डावावरनं उतू गेली."

दत्तूला एवढं पुरे होतं. त्या दिवसापासून तो तिला डावबाई म्हणायला लागला.

लाकडाच्या जाळाचं तेच असतं. फुंकर घातली की भडकतो, पाठ फिरवली की चढतो. कण्यांच्या पेजेला उतू जायला एवढंही लागत नाही. शेवटी मी वाण्याकडून एक लाकडी खोकं आणलं, पोरांना भाताचा पेंढा आणायला सांगितलं, आणि चारही वर्ग एकत्र बसवून प्रयोग घेतला.

दोन तांबे, दोन्हीत उकळतं पाणी. एक खिडकीत उघडा ठेवला. दुसऱ्यावर झाकण घालून, जुन्या धोतरात गुंडाळून, खोक्यातल्या पेंढ्यात पुरला. मधल्या सुट्टीनंतर पोरांनी रांग लावून दोन्ही तांब्यांत बोटं घातली. खिडकीतला गार. खोक्यातल्यात दत्तूनं सगळ्यात आधी बोट घातलं आणि चटका बसल्यावर ते तोंडात धरून तो इतका वेळ गप्प राहिला की तोच मुलांना मोठा चमत्कार वाटला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागं तीन दगड मांडून पेज केली. पहिली उकळी फुटली की झाकण न घालता दहा मिनिटं ढवळायचं. मग गच्च झाकण, बाहेरून पातेलं पुसून घ्यायचं, गुंडाळायचं आणि पेंढ्यात पुरून विसरून जायचं. सकाळी पुरलेलं पातेलं दुपारी काढलं तेव्हा कणी न् कणी उमललेली होती. खाली लागलं नाही, वर आलं नाही, भांड्याला डाग नाही. पोरांनी पळसाच्या पानांचे द्रोण केले आणि मिठाच्या खड्याबरोबर सगळी पेज संपवली. पातेलं नुसत्या पाण्यानं विसळून निघालं. मला फार आनंद झाला होता. अजूनही ते पातेलं डोळ्यांपुढं येतं.

वेणू खोक्याभोवती दोनदा फिरली.

"जाळ न्हाई, तर शिजतं कशावर, बाई?"

"आत कोंडलेल्या उष्णतेवर. बाहेर जायला वाट नसली की ती आतच काम करत राहते."

"मग जवळ बसायला नगं?"

"नको."

"कुणीच नगं?"

"कुणीच नको," मी म्हटलं. "तेच तर त्यातलं सोपं."

तिनं मान हलवली. पुढचं काही विचारलं नाही. हिला कळलं, असं मी धरून चालले.

खोकं मी तिच्याच घरी पोचवलं. कौसल्येनं सगळं नीट ऐकून घेतलं, मग वेणूला सांगून गाठोड्यातून एक छोटी गोधडी काढायला लावली. हातभर रुंद, जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्याची.

"हिच्या बारशाची," ती म्हणाली. "हिला गुंडाळून ठेवत हुते, आता पेजंला गुंडाळा. पेज तरी मुतणार न्हाई."

वेणू लाजून बाहेर पळाली. ती गेल्यावर कौसल्या मला म्हणाली, "बाई, मला तुमच्या परीक्षेचं काय कळत न्हाई. पर पोरगी हितनं भाईर पडाय पायजे. माझं काय व्हईल ते व्हईल. तुम्ही तिला येळेवर बोलवा. मी अडवणार न्हाई."

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी वेणू पावणेआठला शाळेत आली. सगळ्यांच्या आधी.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. जो पहिला येईल त्यानं ती द्यायची असा माझा नियम होता. त्या दिवसापासून घंटा वेणूची झाली. ती तीन ठोके सलग द्यायची, थांबायची, मग एक सावकाश. असं का, विचारलं तर म्हणाली, "घरी ऐकाय जातं, बाई. आईला कळतंय मी पोचली ते."

डिसेंबर फार चांगला गेला. अपूर्णांक झाले, क्षेत्रफळ झालं, बुद्धिमत्तेचे प्रश्न ती माझ्यापेक्षा लवकर सोडवायला लागली. महिनाअखेर मी एकदा तिच्या घरी गेले. चूल स्वच्छ, सारवलेली, एक डाग नाही. खोकं बाजेला लागूनच ठेवलेलं, वर पळी आणि वाटी, म्हणजे कौसल्येला हात लांब करून हवी तेव्हा पेज घेता यावी. धूर नव्हता. आवाजही नव्हता. कौसल्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपलीय, पण तिनं मान वळवली.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"झ्याक चाललंय. पेज गरम ऱ्हातीया दीस मावळोस्तवर." मग चुलीकडं पाहत म्हणाली, "चूल अशी कोरी दिसतीया, बाई, की दुसऱ्याच्याच घरात पावणी आल्यागत वाटतंय."

मी हसले. ती माझी तारीफ करतेय असं मला वाटलं.

"आता काय करत असता दिवसभर?"

"घंटा ऐकती. सकाळचीच. दुपारची कोण देतं? ती हिची न्हाई."

"दुपारी दत्तू देतो."

"तरी म्हणलं. बडवतंय नुसतं."

संक्रांत झाली आणि आठवड्याभरात एका सकाळी वेणू आली नाही. आठची घंटा दत्तूनं दिली. नऊ वाजून गेल्यावर ती दारात उभी राहिली. फ्रॉकला राख, गालाला शेण.

"उतू गेली, बाई."

"कशी काय? खोकं कुठं गेलं?"

तिनं ओले हात फ्रॉकला पुसले.

"पेंढा ओला झाला?"

"न्हाई."

"मग चुलीवर ठेवून विसरलीस?"

"न्हाई, बाई. चुलीवरच ठेवली." तिनं खाली पाहिलं. "जाळ मोठा केला."

"मुद्दाम?"

ती पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावरची माती खरवडत राहिली. मी कधी मुलांवर हात उचलला नाही, त्या दिवशीही उचलला नाही. शांतपणे विचारलं, "शिकवलेलं विसरलीस का?"

"न्हाई, बाई."

"परीक्षेला एक महिना उरलाय. आईनं मला काय सांगितलंय ते माहीत आहे तुला? तू वेळेवर यावंस म्हणून ती दिवसभर एकटी पडून असते. आणि तू मुद्दाम उशीर करतेस. तिला काय वाटेल?"

हे बोलताना मला वाटत होतं की मी तिला समजावतेय. मग मी म्हटलं, "आठवडाभर घंटा दत्तू देईल."

ती जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पावणेआठला हजर. तिसऱ्या दिवशीही. दत्तू घंटा बडवायचा आणि ती रुळाकडे पाहत उभी राहायची. चौथ्या दिवशी वही तपासताना ती हळूच म्हणाली, "बाई, आई विचारतीया, घंटा कोण देतंय? हात येगळा लागतोय म्हणली. मी पोचती का न्हाई ते कळंना झालंय तिला."

"सोमवारपासून तुझीच," मी म्हटलं. "आईला सांग."

शुक्रवारी बाराच्या सुमारास त्यांच्या शेजारची सोनाक्का शाळेच्या दारात आली. ती आत आली नाही आणि हाकही मारली नाही, नुसती चौकटीला धरून उभी राहिली. मी खडू खाली ठेवला.

सोनाक्का दळण विचारायला म्हणून गेली होती. कौसल्या कुशीवर होती. केव्हा गेली ते कुणालाच माहीत नाही. सकाळीच कधीतरी, कारण अंग गार पडलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा चार बायका जमल्या होत्या. वेणू रडली नाही. ती सरळ बाजेजवळ गेली, आईच्या पायांना हात लावला, मग खोक्यापाशी बसून पेंढा बाजूला करायला लागली. गोधडीची गाठ सोडली. झाकण काढलं. वाफ वर आली आणि तिच्या तोंडाला लागली. पेज काठोकाठ होती. पळी कोरडी होती.

"अजून गरम हाय, बाई," ती मला म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. मयताच्या घरातलं शिजलेलं अन्न ठेवत नाहीत. सोनाक्कानं पातेलं उचललं आणि मागच्या दारानं नेऊन उकिरड्यावर पालथं केलं. थंडीचे दिवस होते. बराच वेळ तिथून वाफ निघत होती.

बाप दुसऱ्या दिवशी आला. तेरा दिवस त्या घरात चूल पेटली नाही, शेजारपाजारचे भाकरी आणून द्यायचे. तेराव्यानंतर वेणू शाळेत यायला लागली. पण रोज नऊला, सव्वानऊला. दारात उभी राहायची. मी "आत ये" म्हणायची. ती राखेच्या हातांनी जागेवर बसायची. दत्तूसुद्धा काही बोलायचा नाही. त्यानं घंटाही सोडून दिली होती, ती दुसरंच कुणीतरी द्यायचं.

परीक्षा दहा दिवसांवर आली होती. तिचा बाप वाटेत भेटला, तेव्हा तोच थांबला.

"बाई, पोरीला काय झालंय बघा. मी म्हणतोय भाकरी कर, तर पेजच करतीया. ती पण आईगत पातळ. अन् रोज उतू घालवतीया. शेर शेर कण्या चुलीत चालल्यात. एक डाव हात उचलाय गेलो, पर न्हाई उचलला."

"नका उचलू," मी म्हटलं.

परीक्षा तिनं दिली. जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव आलं आणि जूनमध्ये ती पत्र्याची पेटी घेऊन गडहिंग्लजला गेली. ते सगळं मला हवं होतं तसं झालं. पण मी सांगतेय ती गोष्ट परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातल्या एका सकाळची आहे.

त्या दिवशी मी सातलाच तिच्या घरी गेले. बाप रानात गेला होता. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती, खोकं कोपऱ्यात, त्यात पेंढा तसाच. वेणू चुलीपुढं उकिडवी बसली होती. मला पाहून उठली नाही. "बसा, बाई," म्हणाली, अगदी तिच्या आईसारखी.

पातेल्यावर झाकण होतं. खाली मोठा जाळ. झाकण आधी थरथरलं, मग वाजायला लागलं, मग एका बाजूनं उचललं आणि पांढरा फेस बाहेर आला. वेणूनं हात पुढं केला नाही. ती पाहत राहिली. पेज पातेल्याच्या पोटावरून उतरली, चुलीत गेली, जाळ फसफसून विझला, आणि धुरानं आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं पदार्थ शिजल्यावर उतरवावा तसं शांतपणे पातेलं उतरवलं, करवंटी घेतली आणि खरवडायला लागली.

तिनं राख भरली, शेणाचा हात फिरवला, हळदीचं बोट लावलं. आणि मग ती उठली नाही. फडकं हातात घेऊन तशीच बसून राहिली. कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"वेणू," मी विचारलं, "आई म्हणायची ना, वैलाच्या मागं राहिलंय म्हणून. तिथं खरंच काही राहिलेलं असायचं?"

"न्हाई, बाई. कधीच नसायचं."

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि आईला?"

"तिला पण ठाव हुतं." तिनं फडकं पिळलं, पुन्हा उलगडलं. "गोष्ट उरल्याली असायची न्हवं तिची. मी उठले की शाळंला जाणार. म्हणून म्हणायची." मग ती म्हणाली, "ती म्हशीची तर अर्धीच ऱ्हायली."

"मग तेव्हा मला सांगितलं का नाहीस? मी खोकं आणलं तेव्हा?"

"तुम्ही शिकवत हुता न्हवं, बाई."

खालून शाळेकडून मुलांचा आवाज यायला लागला होता. आठ वाजत आले असणार. घंटेला मी तिथं हवी होते. नोकरीत त्या दिवसापर्यंत माझा एकही तास मिनिटभरही उशिरा सुरू झाला नव्हता.

मी उठले. भिंतीला टेकवलेली बाज आडवी केली, होती त्याच जागी, चुलीकडं तोंड करून. तिच्यावर बसले. तिथून खरोखरच वैलाच्या मागचं काही दिसत नव्हतं. दिसत होती ती वेणूची पाठ, तिची वेणी, आणि खांदे.

"मला म्हशीची गोष्ट येत नाही," मी म्हटलं. "आमच्या मिरजेच्या घरी एक मांजर होतं, त्याची चालेल?"

तिनं वळून पाहिलं नाही. मान हलवली.

मी सांगायला सुरुवात केली. मांजर तिसऱ्या मजल्यावरून लोणच्याच्या बरणीत पडलं तिथपर्यंत आले आणि थांबले.

"वैलाच्या मागं राहिलं बघ," मी म्हटलं.

वेणू पुढं सरकली, वाकली, आणि स्वच्छ जमिनीवरून फडकं फिरवायला लागली.